प्रमाणित चिमूट

मी स्वयंपाक करताना चाखत नाही. देवापुढे ठेवण्याआधी जिभेला काही लावायचं नाही, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. लोक मोठमोठी व्रतं करतात, अनवाणी डोंगर चढतात. मला तेवढी सवड कधी मिळाली नाही, म्हणून मी घरबसल्या होतील असे नेम धरले. सकाळची पूजा आटपेपर्यंत मौन. खोटं बोलायचं नाही. आठवड्यातला एक वार रागवायचं नाही. आणि हा न चाखण्याचा. यांतला न रागवण्याचा सगळ्यांत अवघड, कारण तो वार कोणता हे सासूबाईंना आणि ह्यांना, दोघांनाही पाठ आहे, आणि फोडायची कपबशी ते त्याच वारासाठी राखून ठेवतात.

न चाखण्याचा तोटा एवढाच, की पदार्थ कसा झालाय हे मला सगळ्यांच्या मागून कळतं. आधी देव, मग हे, मग सासूबाई, मग मी. देवाचा अभिप्राय आजवर आलेला नाही. सासूबाईंचा न मागता येतो आणि तो कायम तोच असतो: त्यांच्या वेळी असं नव्हतं. राहता राहिले हे. ह्यांच्या पानात काहीही वाढा, पहिला घास घेतला की हे म्हणतात, "छान." मीठ विसरलं तरी छान, दोनदा पडलं तरी छान. एकदा भाजीत चुकून भांडी घासायच्या काथ्याचा धागा गेला. तो ह्यांनी ताटाच्या कडेला नीट काढून ठेवला आणि म्हणाले, छान झालीये. देव आणि नवरा, दोघेही माझ्या बाबतीत फार सोशिक आहेत असं मी समजत होते.

पिण्याच्या पदार्थांचं तर मला मागाहूनही कळत नाही. ह्यांची नोकरी कायम व्हावी म्हणून मी एकदा नवस बोलले, की पाण्याखेरीज काही पिणार नाही. नोकरी कायम झाली आणि तिच्याबरोबर माझं न पिणंही. त्यामुळे चहा असो की काढा, मी करते आणि दुसरे पितात. कसा झाला हे मी त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखते. ह्यांच्या तोंडाकडे बघून कुणाला आजवर काही ओळखता आलेलं नाही.

हे वजनमापं तपासायच्या कार्यालयात हेडक्लार्क आहेत. दुकानदारांचे तराजू खरे की खोटे, हे त्या कार्यालयाचे निरीक्षक बघतात आणि त्यांनी बघितलं की नाही, हे हे बघतात. एके दिवशी संध्याकाळी हे आले, हातपाय धुतले, टॉवेल जागेवर ठेवला आणि म्हणाले, "बदली होणारसं दिसतंय."

कुठं, म्हणून विचारलं तर म्हणाले, टोकाच्या चौकीवर. त्या चौकीबद्दल मी ऐकून होते. तिथं मालमोटारी तोलायचा एक मोठा काटा आहे, एक खोली आहे आणि एक कुत्रं आहे. त्यातलं कुत्रं तेवढं कायमस्वरूपी. सासूबाईंचे गुडघे जिना उतरू देत नाहीत, म्हणजे त्या इथेच राहणार, म्हणजे मी इथेच राहणार, म्हणजे हे एकटे जाणार. आणि ह्यांना गॅस कोणत्या बाजूला फिरवला की पेटतो हे माहीत नाही. ज्याला खारट आणि अळणी दोन्ही छान लागतं त्याला परगावच्या खोलीत एकटं सोडायचं, हे मला पटेना.

"मग साहेबांना काय म्हणालात?" मी विचारलं.

"छान म्हणालो."

तो नेमका माझा न रागवण्याचा वार होता.

कागद तयार होता, फक्त मोठ्या साहेबांची सही व्हायची होती. ती होत नव्हती याचं कारण साहेबांचा खोकला. कोरडा, एका जागी पाय रोवून बसलेला खोकला. साहेबांनी पेन उघडलं की तो सुरू व्हायचा, आणि खोकत खोकत केलेली सही निम्म्या कार्यालयाला ओळखू येत नसे. हे त्या दिवसांत माझ्या हातचा काढा थर्मासमधून नेत होते, कारण हवा बदलली की ह्यांचा घसा बसतो. माझा काढा साधाच: आलं, मिरी, दालचिनी, ज्येष्ठमध, गवती चहाची पात. निम्मं आटवायचं आणि शेवटी खडीसाखर. त्याचीही वाटी मी आधी देवापुढे ठेवते. देवाला खोकला नाही हे मला माहीत आहे, पण नेम तो नेम.

तर साहेब खोकत होते आणि हे समोर फाइल घेऊन उभे होते. ह्यांना राहवलं नाही. ह्यांनी थर्मासच्या झाकणात काढा ओतून पुढे केला. साहेबांनी घोट घेतला. ह्यांनी घरी येऊन सांगितलं ते असं, की साहेबांनी डोळे मिटले, त्यांचे गाल आत गेले, तोंड बटणाच्या काजाएवढं झालं आणि ते बराच वेळ तसेच बसून राहिले. खोकला मात्र आला नाही.

"म्हणजे आवडला?" मी विचारलं.

"काही बोलले नाहीत."

आमच्या घरात याचा अर्थ आवडला असाच होतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतःहून झाकण पुढे केलं. तिसऱ्या दिवशी स्वतःचा कप आणला. बदलीचा कागद मेजावर होता तो कपाखाली गेला आणि त्यावर गोल डाग पडला. मी देवाला जादा नमस्कार घातला. जोवर थर्मास चालू आहे तोवर पेन बंद, हे कार्यालयात शिपायापासून सगळ्यांना कळलं होतं. मग निरीक्षकांनाही घोटघोट हवा झाला. मी मोठा थर्मास घेतला. काढा फिरला की कार्यालयात विलक्षण शांतता पसरते, असं हे सांगायचे. बैठका लवकर संपू लागल्या. पूर्वी जो तो जागेवरून मुद्दे मांडायचा, आता सगळे आपापले ओठ आवळून फायली वाचायचे. मला वाटायचं, ओठांवर देवाचं नाव असलं की काढ्यालाही गुण येतो. माणसाला स्वतःबद्दल काय काय वाटू शकतं याला मर्यादा नाही.

ही शांतता एका माणसाला खुपत होती. ते धाकटे साहेब. टोकाच्या चौकीवर कुणीतरी पाठवायचं काम त्यांच्यावर होतं, आणि ह्यांची बदली झाली नाही तर पुढचं नाव त्यांचं स्वतःचं होतं. त्यांनी मोठ्या साहेबांना पटवलं, की असा उपयुक्त काढा एका माणसाच्या थर्मासवर अवलंबून राहणं प्रशासनाच्या दृष्टीनं बरं नव्हे. कृती लिहून घ्यावी, मापं ठरवावीत, म्हणजे कॅन्टीनवाला रोज करील. आणि मग, हे ते बोलले नाहीत, हेडक्लार्कची गरज उरणार नाही.

शेजारच्या काकूंना ही बातमी आमच्या आधी कळली. त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "एक जिन्नस पोटात ठेव गं. सगळं सांगितलंस तर नवरा गेला म्हणून समज."

मी म्हटलं, माझा खोटं न बोलण्याचा नेम आहे.

"खोटं कुठं बोलायचंय, विसरायचंय," काकू म्हणाल्या. काकूंचा असा कुठलाच नेम नाही आणि त्यांचं सगळं व्यवस्थित चाललंय, हे मी अनेकदा देवाच्या नजरेला आणून दिलं आहे.

धाकटे साहेब आले ते दोन निरीक्षकांना घेऊन, आणि सकाळीच आले. माझी पूजा व्हायची होती, म्हणजे मी मौनात. हे आंघोळीला गेले होते. सासूबाईंनी दार उघडलं आणि तिघांना थेट स्वयंपाकघरात आणून बसवलं. निरीक्षकांनी मखमली अस्तराची पेटी उघडली, त्यातून सोनाराकडे असतो तसला नाजूक तराजू काढला आणि माझ्या कणीक मळायच्या ओट्यावर मांडला.

मिरी किती, धाकट्या साहेबांनी विचारलं. मी बोटांनी चिमूट दाखवली. ते म्हणाले, चिमूट हे माप आमच्याकडे मान्य नाही, वजन सांगा. मी पुन्हा चिमूट दाखवली, जरा ठासून. शेवटी मी मिरपुडीची चिमूट तराजूत सोडावी असं ठरलं. सोडली. त्यांनी लिहून घेतली. खात्रीसाठी पुन्हा सोडायला सांगितली, तर ती वेगळी भरली. तिसरी आणखी वेगळी. एक निरीक्षक म्हणाला, बाई कधी दोन बोटं वापरतात, कधी तीन. दुसरा म्हणाला, घाम धरला पाहिजे हिशोबात. धाकटे साहेब म्हणाले, बाईंना हात पुसायला सांगा. मी संसार सुरू केल्यापासून याच चिमटीवर चालले आहे, पण त्या ओट्यापाशी ती पहिल्यांदाच संशयित म्हणून उभी होती आणि तिची बाजू मांडायला मला तोंड नव्हतं. सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या, त्यांच्या वेळी चिमूट मोठी असायची. तेही एकानं लिहून घेतलं.

अखेर सरासरी काढून चिमूट प्रमाणित झाली. आल्याचा तुकडा, दालचिनीची काडी, गवती चहाची पात, सगळं तोललं गेलं. खडीसाखरेची बरणी मी पुढे सरकवली, तिचे खडे तोलले. बरणीत उरले होते ते नमुना म्हणून पिशवीत घातले, पिशवीला लाखेची मोहर लावली आणि बरोबर नेले. तिघांपैकी एकानंही कुठलाही जिन्नस जिभेवर ठेवला नाही. त्यांचं काम वजनाचं. वस्तू काय आहे हे बघणारं खातं वेगळं आहे.

ते गेल्यावर मी पूजेला बसले आणि देवाला मनातल्या मनात म्हटलं, सगळं खरं सांगितलं आहे, आता तुझं तू बघ.

देवानं लगेच बघितलं. कॅन्टीनवाल्यानं प्रमाणित चिमटीनं काढा केला, साहेबांनी घोट घेतला, आणि ते असे खोकले की शेजारच्या दालनातले लोक उठून आले. हा तो काढाच नव्हे, साहेब म्हणाले. त्यात पकड होती. हे नुसतं गोड पाणी आहे. धाकटे साहेब म्हणाले, मापं तंतोतंत आहेत. बाईंनी काहीतरी हातचं राखलं.

ह्यांनी हे घरी येऊन सांगितलं. आयुष्यभर खोटं बोलले नाही. त्यापायी नातेवाइकांत वाईट झाले; नणंदेच्या नव्या साडीबद्दल तिनं विचारलं तेव्हाही खरं सांगितलं आणि ती दोन वर्षं आली नाही. आणि आता वजनमापाच्या कार्यालयात माझं नाव खोट्या तराजूंच्या रांगेत.

मी म्हटलं, मी स्वतः करून देते. नवी खडीसाखर आणली, देवाचं नाव घेतलं, नेहमीसारखा काढा केला. हे घेऊन गेले आणि तसेच परत आले. साहेब माझ्याही काढ्यावर खोकले. कपाखालचा कागद बाहेर निघाला होता.

मग सल्ले सुरू झाले. खालच्या मजल्यावर निवृत्त कंपाउंडर राहतात. ते म्हणाले, वहिनी, अडुळसा हवा. अडुळसा घातला. काकू म्हणाल्या, लवंग, आणि ती भाजून. भाजून घातली. कंपाउंडरांनी विचारलं, लवंग कुणी घालायला सांगितली, तिच्यानं अडुळसा मरतो. काकू म्हणाल्या, अडुळसा घालतो तो माणूस स्वतः बारा महिने शिंकत असतो. दोघांचा मान राखायचा म्हणून मी दोन्ही वाढवत गेले. काढा आधी तपकिरी झाला, मग काळा, मग पातेल्याच्या कल्हईचा रंग बदलला. साहेबांनी त्यात पेन बुडवून पाहिलं म्हणतात, आणि ते उठलं. आता त्याच शाईनं बदलीवर सही करतो, असंही म्हणाले. उद्या सकाळी.

त्या दुपारी हे मधल्या सुट्टीत जेवायला घरी आले तेव्हा मी ह्यांना ओट्यापाशी बोलावलं. जुना काढा कसा लागायचा, मी विचारलं.

"छान."

"आणि हा आत्ताचा?"

"छान."

माझा आवाज मोठा होत नाही. लहानपणापासून नाही. लग्नात नाव घेतलं तेही पहिल्या रांगेलाच ऐकू गेलं. त्यामुळे मी होता तेवढ्याच आवाजात म्हटलं, "अहो, आज खरं सांगा. नाहीतर उद्यापासून मी चाखून करीन."

ह्यांचा चेहरा उतरला. माझा नेम ह्यांच्यापायी मोडणार, हे ह्यांना बदलीहून भयंकर वाटलं असावं. हे स्टूल ओढून बसले. थोडा वेळ थर्मासचं झाकण फिरवत राहिले.

"जुना भयंकर होता," हे म्हणाले. "हा वाईट आहे, पण तो भयंकर होता."

"भयंकर म्हणजे कसा?"

"जीभ टाळूला चिकटायची. दात आंबायचे. तोंड असं आकसून यायचं, की सकाळी घोट घेतल्यावर ऑफिसच्या फाटकापर्यंत मला बोलताच यायचं नाही. ऑफिसात सगळ्यांचं तसंच व्हायचं. खोकायला तोंड उघडावं लागतं ना."

"मग मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं छान छान काय म्हणत होतात?"

"तू चाखत नाहीस. काय झालंय ते तुला ठाऊक नसतं. तू देवावर भरवसा ठेवून पुढं करतेस. आता देवावरच्या भरवशाला मीठ कमी आहे असं कसं म्हणायचं?" मग जरा थांबून म्हणाले, "शिवाय तू विचारतेस तेव्हा तुझ्या हातात पळी असते."

पळी खरंच हातात होती. मी ती ठेवली.

बाहेरच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "तोंड आकसतं म्हणतोस? मग ती तुरटी."

मी बाहेर गेले. त्यांनी शांतपणे सांगितलं, की ह्यांच्या दाढीच्या तुरटीची वडी न्हाणीघरात पडून फुटली होती. तुकडे चांगले होते, टाकवेनात. त्यांनी ते धुऊन, वाळवून रिकाम्या बरणीत भरले आणि बरणी फळीवर ठेवली. खडीसाखरेच्या जागी. बरणी खडीसाखरेचीच; तिच्यात मुंग्या झाल्या होत्या, म्हणून ती त्यांनीच रिकामी केली होती.

"मला सांगायचं नाही का, सासूबाई?"

"सांगितलं की. तू पूजेला बसली होतीस. तुझ्यापुढं बरणी धरली, म्हटलं इथं तुरटी ठेवलीये हो. तू मान हलवलीस."

जप करताना माझी मान हलते. तीस जणांचं कार्यालय आणि खुद्द देव, सगळे तुरटी प्यायले त्याचं मूळ माझ्या भक्तीच्या ठेक्यात होतं. मी देवघराकडे पाहिलं. रोज पहिली वाटी ह्यांच्याही आधी त्याच्यापुढे जात होती. त्याच्या तोंडाकडे बघून अजूनही काही ओळखता येत नव्हतं, पण ओठ पहिल्यापासूनच जरा आवळलेले आहेत, हे मला त्या दिवशी प्रथम दिसलं.

काकूंना हे कळायला मधे भिंत एकच आहे. त्या आल्या आणि म्हणाल्या, देव पावला तुला. आणखी एक वडी आण, ठेच आणि घाल. साहेब गप्प, कागद गप्प, नवरा घरी. मोह झाला. खोटं सांगत नाही, फार झाला. हे त्या चौकीवर कुत्र्याला म्हणताहेत छान, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी कंपाउंडरांना विचारलं. ते म्हणाले, तुरटी गुळणीला चालते, गुळणी करून थुंकायची. रोज पोटात घेणं बरं नव्हे. माहीत नव्हतं तोवर दिली ते देवानं बघितलं असतं. माहीत झाल्यावर द्यायची, म्हणजे माझाच तराजू खोटा. मी काकूंना म्हटलं, नाही जमायचं. काकू म्हणाल्या, मग बस माळ ओढत.

दुसऱ्या दिवशी पूजा आटपली आणि मी ह्यांच्याबरोबर कार्यालयात गेले. थर्मास रिकामा होता, तरी सवयीनं मी तो काखेत घेतला. मोठ्या साहेबांच्या दालनात मेजावर कागद, कागदावर तो गोल डाग, डागाशेजारी उघडं पेन. धाकटे साहेब बाजूला उभे होते, मोहर लावलेली नमुन्याची पिशवी घेऊन.

मी सांगितलं. साहेब म्हणाले, वहिनी, मोठ्यानं. मी पुन्हा सांगितलं. साहेब खुर्ची सोडून मेजावर वाकले आणि मी तिसऱ्यांदा सांगितलं, की मी तुम्हाला तुरटी पाजत होते.

साहेब काही बोलायच्या आत धाकटे साहेबच म्हणाले, हे शक्य नाही. पत्रकात खडीसाखर आहे. मी समक्ष तोलली आहे. बाईंना आता काहीतरी कारण हवंय. आणि त्यांनी मोहर फोडली, पिशवीतला चांगला मोठा खडा निवडला आणि सिद्ध करण्यासाठी तोंडात टाकून कडाडून चावला.

"काय आहे?" साहेबांनी विचारलं.

धाकट्या साहेबांचे गाल आत गेले. डोळे बारीक झाले. तोंड काजाएवढं झालं आणि तसंच राहिलं. ते हातानं काहीतरी सांगत होते, पण हातवाऱ्यांच्या भाषेचा त्यांना माझ्याइतका सराव नव्हता.

साहेब बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, की मला गुण आला होता, वहिनी, तुरटी तर तुरटी, उद्यापासून तीच आणा.

माझ्या जिभेवर हो आलं होतं. ते मी गिळलं. "नाही आणणार, साहेब. गुळण्या करा, पिऊ नका. आता माहीत असून मला देता येणार नाही."

म्हणजे थर्मास संपला. हे दालनातल्या सगळ्यांना कळलं. साहेबांनी खोकून घेतलं, पेन उचललं आणि रिवाज म्हणून ह्यांना विचारलं, "तुमचं काही म्हणणं?"

हे काय म्हणणार ते मला माहीत होतं. साहेबांनाही माहीत होतं. पेन कागदाला टेकलंच होतं. मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, आणि नाव घेताना मान हलू नये म्हणून ती घट्ट धरली.

"छान नाही," हे म्हणाले.

साहेबांचं पेन थांबलं. "काय?"

"बदली. छान नाही. मला जायचं नाही, साहेब." ह्यांचा आवाज फुटल्यासारखा येत होता, नवी बूटजोडी करकरते तसा. "आई जिना उतरत नाही. मला गॅस पेटवता येत नाही. आणि ही जे करते त्याशिवाय मला दुसरं खाता येत नाही. ते कसंही असलं तरी."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, की या जागेसाठी मी सात जणांना विचारलं. कुणी डॉक्टरचं पत्र आणलं, कुणी बायकोला रडायला घेऊन आलं. एकटे तुम्ही छान म्हणालात. "मला वाटलं, तुम्हाला घरातून सुटका हवीय."

त्यांनी कागद उचलला, डागावर बोट फिरवलं आणि खणात टाकला. धाकट्या साहेबांना यावर हरकत घ्यायची होती, हे त्यांच्या भुवयांवरून दिसत होतं. पण खडा मोठा होता.

बाहेर आल्यावर शिपायानं माझ्या काखेतल्या थर्मासकडे बघितलं आणि आदरानं चार पावलं मागे सरला.

त्या संध्याकाळी मी नेहमीसारखा स्वयंपाक केला. चाखला नाही. देवापुढे ठेवला, मग ह्यांना वाढलं. ह्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. सासूबाईंचाही घास हातात राहिला. माझा हात आपोआप पळीकडे गेला होता तो मी मागे घेतला.

"मीठ कमी आहे," हे म्हणाले.

मी मिठाची वाटी पुढे सरकवली. ह्यांनी मीठ घेतलं, कालवलं, खाल्लं आणि मान डोलावली. मला वळून शेगडीकडे बघावं लागलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मिठाच्या कारणानं आलं असं खोटं सांगता आलं नसतं.

हे सगळं चांगलंच झालं. फक्त एक आहे, की एकदा उघडलेलं तोंड ह्यांना आता मिटता येत नाही. भात किंचित चिकट आहे. भाजीला परवासारखी फोडणी नाही. वरच्या डब्यातली मिरी जुनी दिसते. न रागवण्याच्या वारी अभिप्राय जास्त सविस्तर असतात. सासूबाई मधूनमधून दुजोरा देतात, त्यांच्या वेळची उदाहरणं देऊन. टोकाच्या चौकीवर अजून कुणी गेलेलं नाही म्हणतात, जागा रिकामीच आहे. डाळ जास्त घोटली गेल्याबद्दल ऐकत असताना कधीकधी मला ती चौकी आठवते. खोली आहे, काटा आहे, सोबतीला कुत्रंही आहे.

काल सकाळी मी देवापुढे वाटी ठेवली आणि मौन सुटल्यावर पहिलं वाक्य त्यालाच बोलले. म्हटलं, तू आपला आहेस तसाच राहा.